अध्यक्षांचा फोन

माझी थोरली बहीण कर्नाटकात, भालकी तालुक्यातल्या आमच्या गावाची ग्रामपंचायत अध्यक्ष, म्हणजे महाराष्ट्रातल्या भाषेत सरपंच होती. गावात मोबाइलचा टॉवर आणला तो तिनं. टॉवरमुळे म्हशी आटतात म्हणत कुणी जागा देईना, तेव्हा घरोघर बायकांना समजावून तिनं पंचायतीची जागा मिळवली. पण अध्यक्षांचा फोन दाजींच्या खिशात. आमच्याकडे ती रीतच आहे. कुणी अध्यक्षांना विचारलं की दाजी म्हणत, "मीच बोलायलोय."

तिच्या शेवटच्या आजारात मी पुण्याहून रोज फोन करायचे. "अक्काला द्या की, दाजी."

"अध्यक्षांच्या मीटिंगला आलोय तालुक्याला. घरी गेल्यावर लावून देतो."

त्यांनी कधीच लावून दिला नाही. मी पोचले तेव्हा तिची माती झाली होती.

तेराव्याला एक पुढारी दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अण्णांनी गावाला टॉवर दिला."

मी चारचौघांत कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "टॉवर अक्कानं आणला. ह्यांनी तिला तिचा फोनबी दिला न्हाई."

जेवणारे हात थांबले. दाजी हळूच म्हणाले, "दुःखात हाय ती. बोलू द्या."

त्यांच्या त्या समजूतदारपणाचा संताप अजून उतरलेला नाही.