बीदरच्या नव्या वसाहतीतली खिडकी

धाकट्या सुमीसाठी आलेलं बीदरचं स्थळ बघायला आईनं मला धाडलं. तिची धास्ती एकच: "गावाबाहेरच्या त्या नव्या वसाहतीत पोर एकटी पडंल गं." खरंच होतं ते. दहा माणसांशी बोलल्याशिवाय सुमीला घास गोड लागत नाही. म्हटलं, जाऊन बघूनच येते. उदगीरहून सकाळची गाडी धरली.

बीदर जवळ आलं तशी माती लाल होत गेली. स्टेशनावर टांगा केला. जुन्या शहरात मजा आली! एक गल्ली दुसरीत शिरते, दुसरी तिसरीत. चुकलेला माणूसही कुठंतरी निघतोच. पोलिस ॲक्शन होऊन निजामी गेली, मग कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, तशी वस्ती वेशीबाहेर पसरली. तिथं रस्ते रुंद, सरळ आणि चिटपाखरू नाही. टांगेवाला म्हणाला, "घर तो वो सामने दिखता, बाई. रस्ताच नक्को पूछो!" पहिला रस्ता एका भिंतीशी संपला. दुसराही. तिसराही संपला तेव्हा मी वैतागून खाली उतरले.

गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली. "कामून फिरायलात, अक्का? खिडकीतनं जावा की!"

अगं बाई! सोयरिकीला आलेली मी, लोकांच्या घरात खिडकीतून शिरू? ती खो खो हसली आणि तिनं भिंतीतलं बुटकं दार दाखवलं. खिडकी (ये-जा करायचं छोटं दार) इकडं त्यालाच म्हणतात. वाकून आत गेले ती थेट मुलाच्या परसात.

मुलाची आई शेजारणींबरोबर शेंगा फोडत होती. ज्वारीची भाकरी आणि पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) पुढं आली. भाजी फक्कड होती. मुलाची आई म्हणाली, "मीच पाडून घेतली ही खिडकी. न्हाईतर शेजारी जायाला गावभर वळसा."

इतक्यात मुलगा कचेरीतून आला. "पुढच्या महिन्यात बुजवणार आहे ती. नव्या वसाहतीत बरं दिसत नाही." शेजारणींनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. माझं डोकंच फिरलं.

"मग सोयरीक ऱ्हाऊ द्या."

"खिडकीपायी?"

"व्हय! माझ्या बहिणीनं काय भिंतीशी बोलायचं?"

त्यानं खिडकीपाशी जाऊन चौकटीला वीत लावून बघितली. मग हळूच म्हणाला, "उंच करून घेतो. तुमच्या बहिणीला वाकायला नको."

परतताना गाडीत वाटत राहिलं, शहर वाढवणारे घरं मोजतात, पण एका घरातून दुसऱ्या घरात माणूस जाणार कसा, हे कुणी बघतच नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. सुमी दाराआडून म्हणाली, "ते जाऊ दे. दिसायला कसा हाय?"

मी तोंड उघडलं आणि अडकले. चेहरा काही केल्या आठवेना. "उंच करतो म्हणाला ना, तेव्हा कान लालबुंद झाले होते बघ."

सुमी दाराआडून बाहेर आली.

"लाल झाले व्हय?" ती म्हणाली. "मग चालंल मला."