ताराबाईंनी ऐकलेली नावं

अनुदानाच्या शेवटच्या वर्षाचा अहवाल लिहीत बसलो होतो, तेव्हा आमच्या विभागातला शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, ठाकूरबाई गेल्या. आज सकाळी. हार्ट अ‍ॅटॅक." पडद्यावर एक वाक्य अर्धं होतं... 'नावं जुळवण्याची ही पद्धत आमच्या गटाने विकसित केली असून'. मी ते वाक्य पूर्ण केलं, फाइल फ्लॉपीवर उतरवली आणि मग उठलो. महिना होऊन गेला. पण आधी वाक्य पूर्ण केलं आणि मग उठलो, हे काही मनातून जात नाही.

ताराबाई ठाकूर वाशीतल्या आमच्या कर्करोग रुग्णालयाची रेकॉर्ड रूम सांभाळायच्या. शिक्षण मॅट्रिक. नवं शहर वसवताना सासरची भातशेती गेली, तेव्हा प्रकल्पग्रस्तांच्या यादीतून त्यांना ही नोकरी लागली होती. मी पुण्याहून संख्याशास्त्र शिकून आलेला, नेरूळच्या सोसायटीत नवा फ्लॅट घेतलेला. रुग्णालयाच्या संशोधन विभागात कॉम्प्युटर आला, तसा मीही आलो. उपचारानंतर कोण किती वर्षं जगलं, हे कळल्याशिवाय कर्करोगावरचं संशोधन पुढे सरकत नाही, आणि आमचं घोडं तिथेच अडलं होतं. एखादी बाई आज तपासून जायची, दोन वर्षांनी पुन्हा यायची, काउंटरवरचा माणूस इंग्रजीत तिचं नाव वेगळंच लिहायचा आणि नवा केसपेपर निघायचा. कॉम्प्युटरच्या लेखी त्या दोन बाया. नावं जुळवण्याची परदेशी पुस्तकातली पद्धत मी वापरून पाहिली. ती इंग्रजी नावांसाठी बनलेली होती, आमच्या म्हात्रे-भोईरांपुढे तिने हात टेकले.

एक दिवस ताराबाई माझ्या टेबलाशी उभं राहून छापील यादी बघत होत्या. म्हणाल्या, "सर, ही दोन नाही, एकच बाई आहे. हे ठाकूर आणि हे टाकूर एकच."

"कशावरून?"

"आमच्याकडची माणसं बोलताना 'ह' खातात. म्हात्रेचं मात्रे होतं, भोईरचं बोईर. 'ण'चा 'न' करतात. काउंटरवरचा ऐकू येईल तसं लिहितो. तुमचा कॉम्प्युटर नुसतं लिहिलेलं बघतो, सर. नाव सांगताना माणूस बोलतो ना?"

पुढचे सहा-सात महिने जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं बसायचो. त्या एकेक नाव पुटपुटायच्या, साताऱ्याचा माणूस ते कसं म्हणेल, उरणचा कसं म्हणेल, हिंदी बोलणारा क्लार्क कसं लिहील ते सांगायच्या, आणि मी त्याचे नियम करून प्रोग्राममध्ये घालायचो. शेवटचा नियम त्यांनी स्वतः लिहून दिला. नाव, गाव, वय सगळं जुळलं तरी नवऱ्याचं नाव वेगळं असेल तर थांबायचं, आणि माणसाला विचारल्याशिवाय दोन कागद एक करायचे नाहीत. "आमच्या गावांत एकाच नावाच्या चार-चार बाया असतात," त्या म्हणाल्या. मीही तोंडभरून म्हणालो होतो, "ताराबाई, अनुदानाच्या प्रस्तावात तुमचं नाव घालणार." त्या लाजल्या. दुसऱ्या दिवशी डब्यातून माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आली.

प्रस्ताव दिल्लीच्या एका खात्याकडे जायचा होता. कर्करोग संशोधनासाठी संगणकीय साधनं बनवायला अनुदान मिळणार होतं आणि अर्जात प्रत्येक सहकाऱ्याची पदवी लिहायचा रकाना होता. ताराबाईंच्या नावापुढे काय लिहायचं? आमचे विभागप्रमुख म्हणाले, "राहू दे, उगाच प्रस्ताव हलका वाटेल." राहू दे म्हणाले ते, पण नाव खोडलं मी. आणखी एक गोष्ट केली, ती विभागप्रमुखांनाही सांगितली नव्हती. दिल्लीहून पाहणीला येणाऱ्या समितीपुढे प्रोग्राम भराभर चाललेला दिसावा म्हणून ताराबाईंचा तो थांबायचा नियम काढून टाकला.

समिती आली त्या दिवशी ताराबाई फायली घेऊन माझ्या मागेच उभ्या होत्या. एका सदस्यांनी कौतुकाने विचारलं, "हे उच्चारांचे नियम फार बारकाईने केलेत. कोणी केले?" दोन पावलांवर त्या होत्या... नुसतं मागे वळून हात करायचा होता. मी म्हणालो, "मीच बसवले, सर." सदस्यांनी मागितलेली फाइल ताराबाईंनी पुढे केली. फाइल अगदी सरळ धरली होती त्यांनी.

अनुदान मंजूर झालं. चार नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यासाठी थंड खोली हवी म्हणून रेकॉर्ड रूमच रिकामी केली. ताराबाईंची बदली बाह्यरुग्ण विभागाच्या काउंटरवर झाली. येता-जाता दिसायच्या. "बरं आहे ना, सर?" इतकंच विचारायच्या. मी घड्याळ बघत पुढे जायचो.

वर्षभराने त्या एकदा वर आल्या. हातात जुना केसपेपर होता. हिराबाई भोईर, उरणकडची, स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन झालेलं. "सर, हिला वर्षभर तपासणीचं पत्र गेलं नाही. का?" मी पाहिलं. कॉम्प्युटरवर हिराबाई भोईर मृत होती. त्याच गावातली त्याच नावाची दुसरी बाई वारली होती, आणि प्रोग्रामने दोघींना एक केलं होतं. नवऱ्यांची नावं वेगळी होती... नियम असता तर तो तिथे थांबला असता.

ताराबाईंनी पडद्यावरचं नवऱ्याचं नाव हातातल्या केसपेपरशी ताडून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तो नियम तुम्ही काढलात?"

मी म्हणालो, "टेक्निकल अडचण होती."

त्यांनी केसपेपरवरचा पत्ता उतरून घेतला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या एकट्याच उरणला गेल्या. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली, एसटी दोन तास अडकलेली, हे सगळं मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. हिराबाई घरीच होती. काखेत गाठ आली होती. पत्र नाही, म्हणजे आपण बऱ्या झालो, असं तिने धरलं होतं. ताराबाईंनी तिला बरोबरच आणलं आणि पुन्हा उपचार सुरू झाले. अनुदानाच्या वार्षिक अहवालात मी लिहिलं, 'प्रत्यक्ष पडताळणीत एक त्रुटी आढळली, ती दूर केली.' तो नियम गुपचूप परत घातला. ताराबाईंना मात्र ते सांगायलाही गेलो नाही. सांगायचं तर काढला होता हेही कबूल करावं लागलं असतं.

ताराबाईंच्या तेराव्याला गेलो. जुईनगर स्टेशनच्या पलीकडे गावठाणात त्यांचं घर आहे. त्यांचे यजमान बंदरात कामाला आहेत. त्यांनी खुर्ची दिली आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "हे सर. ताराच्या ऑफिसचे." ते ऐकून कोपऱ्यातली एक वाळकी बाई उठून माझ्यापुढे येऊन बसली. डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला, खाली केस नव्हते.

"तुमीच काय ते सर? मी हिरा भोईर. ताराबायनं सांगलंवतं मना, सरांनीच तुला हुडकाला पाठवलंय. तुमी नसता तर मी गेली व्हती."

सगळी माझ्याकडे बघत होती. मी पाठवलं नव्हतं, माझ्यामुळेच तुम्ही हरवला होतात, एवढं म्हणायचं होतं. ते मराठीत सांगायला कुठली पदवी लागत नाही. मी तोंड उघडलं आणि... यजमानांनी चहाचा कप हातात दिला, तो घेतला. तिथे बोललो नाही, म्हणून आज इथे लिहितो आहे. ज्या समितीने ते अनुदान दिलं तिच्यातलं कोणी वाचत असेल, तर त्यांनीही वाचावं. ते नियम माझे नव्हते.

हिराबाईने कमरेची पिशवी सोडली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं तपासणीचं कार्ड काढलं. "वाचून दावा. कवा यायचंय? आता कुनाला विचारू?"

कार्डावर ताराबाईंचं अक्षर होतं, सुटं, ठळक, कुणालाही लागावं असं. पुढची तारीख येत्या बुधवारची. तिच्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'मी नसले तर सरांना भेटणे', आणि पुढे माझं पूर्ण नाव, काना-मात्रेची चूक न करता.

"बुधवारी," मी म्हणालो. "सकाळी या. मी खाली काउंटरवर थांबतो."