कंस नव्हता

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना सगळे कंसबाई म्हणायचे. ऋण संख्या कंसाबाहेर उघडी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवायचो. भिंतीपलीकडून अख्खा वर्ग घसा फोडून ओरडायचा, “सम घातांक, उत्तर धन!” ही पोपटपंची मला तेव्हाही खटकायची, पण मी मूग गिळून बसायचो.

वार्षिक परीक्षेत बाईंनी उणे दोनचा चौथा घात विचारला. त्यांच्या कागदावर उणे दोन कंसात होतं, पण टाइप करणाऱ्याने कंस खाल्ला. कंस असेल तर उणे चिन्हही चार वेळा गुणलं जातं, उत्तर सोळा. नसेल तर घात फक्त दोनचा, उणे बाहेरच राहतं, उत्तर उणे सोळा. बाकी सगळ्या वर्गाने डोळे झाकून सोळा लिहिलं. एकट्या इस्त्रीवाल्याच्या मुलीने उणे सोळा लिहिलं, आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. तिला पडले चौतीस. पास व्हायला पस्तीस हवे होते. नापास झालीस तर शाळा बंद, असं बापाने आधीच बजावलं होतं.

निकालाच्या दिवशी मुलगी प्रश्नपत्रिका घेऊन आली. “बाई, यात कंस कुठाय?”

बाई आधी खेकसल्या. मग वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या गुण दुरुस्तीचा कागद घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

“निकाल लागलाय,” ते म्हणाले. “आता खाडाखोड केली तर शाळेचं हसं होईल.”

आठ दिवस तो माणूस कागदावर बसून राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवव्या दिवशी बाईंनी त्यांच्या टेबलावर हात आपटला. “सही करा. नाहीतर ही प्रश्नपत्रिका फाटकावर चिकटवते, खाली चूक माझी असं लिहून!”

सही झाली. बाई आणि मी नवी गुणपत्रिका घेऊन तिच्या बापाच्या दुकानात गेलो. मुलगी इस्त्री करत होती, मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. गुणपत्रिकेकडे तिने पाहिलंही नाही.

“बाई, कंस नव्हता ना?”

“नव्हता. तू बरोबर होतीस. मी न बघता फुली मारली.”

मुलीने बापाकडे पाहिलं. त्याने पुढे होऊन तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली.