पाडव्याच्या उरलेल्या गाठींच्या कुकीज

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. नाही, तुमच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसतंय! जाऊ दे, सांगतेच. चहा घ्या. बिस्किटं दुकानातली आहेत, तेव्हा बिनधास्त घ्या.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. माझी लेक इरा, आठ वर्षांची. तिच्या वर्गातल्या मॉर्निंग टीला, म्हणजे पालकांसोबतच्या सकाळच्या खाऊला, मी अशीच विकतची बिस्किटं डब्यात भरून नेली. आम्ही राहतो बॉटनी डाउन्सला, आणि इथल्या आया नोकऱ्या सांभाळून घरी तीन-तीन मजली केक करतात. एकीने सहज विचारलं, "डिड यु मेक दीज?" मी तोंड उघडायच्या आत इरा म्हणाली, "नो, माय मम कान्ट बेक."

सगळ्यांसमोर!

बस्स. त्याच दिवशी ठरवलं. पुढच्या वेळी कुकीज घरच्या, आणि अशा की याच पोरीने त्या वर्गभर मिरवल्या पाहिजेत. एकदा मी ठरवलं की ठरवलं, आमच्या ह्यांना विचारा.

या वर्षी इस्टरच्या सुट्टीआधीचं आमंत्रण आलं आणि मी व्हिडिओ शोधला. 'स्प्रिंग कुकीज', सणाच्या उरलेल्या रंगीत गोळ्या घालून.

"मम, इट्स ऑटम," इरा म्हणाली. बाहेर पानं गळत होती, त्यामुळे तिचं चुकलं नव्हतं.

"आपला पाडवा झाला ना नुकताच? म्हणजे वसंत. न्यूझीलंडला काय कळतंय!"

आणि पाडव्यावरूनच आठवलं. गाठी! गुढीला घालायच्या साखरेच्या गाठी! आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं उरलंसुरलं सगळं आमच्याच गराजमध्ये येऊन पडतं. बघते तर खोकंभर गाठी. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, मुठीएवढ्या. पंधरा दिवस उघड्या पडल्या होत्या, पण एक मुंगी लागली नव्हती. मला वाटलं, इथल्या मुंग्या, त्यांना कुठली गाठींची सवय!

दोरे काढले, खलबत्ता घेतला आणि सुरू केलं. काय त्या गाठी! दगड परवडला. दुसऱ्या खोलीत माझ्या नवऱ्याची, नीलेशची, मीटिंग चालू होती, तो धावत आला. "भिंत पाडतेयस का?"

"कुकीज करतेय."

"खलबत्त्यात?"

"तू जा मीटिंगला!"

अर्ध्या गाठी मिक्सरमधून काढून पिठात घातल्या. व्हिडिओत कपभर साखर सांगितली होती, ती मी घातलीच नाही. गाठी म्हणजे साखरच ना? साखरेत आणखी साखर कोण घालतं? उरलेले तुकडे वर टोचले. ओव्हनमधून काय देखणं प्रकरण बाहेर आलं म्हणून सांगू!

आता तुम्ही विचारणार, चव नाही बघितलीस? नाही बघितली. दुसऱ्याला द्यायचं ते आधी उष्टं करायचं नाही, हे आईने माझ्या डोक्यात ठोकून बसवलंय. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढते. पुढे बोलू नका.

दुसऱ्या दिवशी वर्गात इराने ताट स्वतःच्या हातात घेतलं. "माय मम मेड दीज!" असं प्रत्येकाला सांगत फिरली. मला इतकं भरून आलं! वर्षभर याच वाक्यासाठी थांबले होते.

तिच्या बाई, मिस हेलन, यांनी पहिला घास घेतला. मग म्हणाल्या, "ओह! इंटरेस्टिंग!"

एक बाबा म्हणाले, "वॉव. दॅट्स… डिफरंट." मी खूश होऊन त्यांना आणखी दोन दिल्या. पोरं पाण्याच्या नळापाशी रांग लावायला लागली. मी मनात म्हटलं, ऊन कडक आहे आज.

एवढ्यात आपली केतकी आली. तिचा मुलगा इराच्याच वर्गात, आणि मंडळाच्या स्टेजची सजावट तिच्याकडे. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि सरळ रुमालात काढला.

"पल्लवी! मीठ किती घातलंयस?"

"चिमूटभर. हळू बोल!"

"मग हे वरचं काय आहे?"

"गाठी. गराजमधल्या."

केतकी ओरडलीच. "अगं बाई! त्या स्टेजवरच्या गुढीच्या! खऱ्या गाठी मागच्या रांगेतून दिसेनात, म्हणून मी मैदा आणि मीठ मळून केल्या होत्या! खायचा रंग लावून!"

"मीठ? किती मीठ?"

"मैद्याच्या निम्मं!"

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू गुढीचे दागिने कुकीजमध्ये कुटून घालशील, हे मला स्वप्न पडणार होतं?"

मिस हेलन जवळ आल्या. "एव्हरीथिंग ओके?" शेजारी इरा, हातात ताट, चेहरा असा फुललेला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण ते होईना माझ्याच्याने.

म्हणाले, आमच्या नवीन वर्षाचा पहिला घास मुद्दाम वाईट चवीचा असतो. पुढे वर्षभर जे वाट्याला येईल ते सोसायची तयारी म्हणून.

आता कडुनिंब खातोच की आपण पाडव्याला! अगदीच खोटं नव्हतं ते. केतकीने एकदा डोळे मिटले आणि म्हणाली, "व्हेरी ओल्ड ट्रॅडिशन."

काय सांगू, सगळ्या वर्गाचा जीव भांड्यात पडला. "ओह! सो इट्स मेंट टु टेस्ट लाइक दॅट!" ते बाबा तर मला मिठी मारायचे बाकी होते.

मला वाटलं, सुटले. पण मिस हेलनना ती कल्पना फार म्हणजे फार आवडली. त्यांनी सगळ्यांना चटईवर गोल बसवलं. आपापली अवघड गोष्ट मनात आणायची आणि धीराने एक घास घ्यायचा. पोरांनी डोळे मिटून घेतला हो! एकाने तर नाक धरून घेतला. इरा मधोमध बसली होती, एखाद्या राणीसारखी.

तिने डोळे उघडले. "मम, यु हॅवन्ट हॅड वन."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. घेतली. अख्खी. इरासमोर तोंड वाकडं करायचं नाही, एवढं एकच ठरवलं आणि चावत राहिले. जीभ बधिर झाली, कान तापले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण हसत होते!

मिस हेलननी माझा हात हातात घेतला. त्यांचेही डोळे भरून आले होते. हळूच मुलांना म्हणाल्या, "बघा, हे त्यांच्यासाठी किती मोलाचं आहे."

आणि माझ्या हातात प्रेमाने दुसरी कुकी ठेवली.