ताटाबाहेरचा दुसरा घास

आप्पा गेल्याची तार आली तेव्हा माझी बायको सुमती गॅलरीत मुलाचे कपडे वाळत घालत होती. तार वाचूनही तिनं उरलेले कपडे वाळत घातले, चिमटे लावले आणि मग तिथंच खाली बसली. आप्पा म्हणजे तिचे वडील, पलटणीतले निवृत्त सुभेदार. इथून, जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनहून, साताऱ्याला वेळेवर पोचणं शक्यच नव्हतं. आता महिना होऊन गेला, पण जेवायला बसलो की मला अजून त्यांचा हात दिसतो...

सुमतीच्या बाळंतपणाला ते इथं आले होते. खरं तर यायचं होतं सासूबाईंना. पण बोटीनं एकटीनं जायला त्या तयार नव्हत्या, म्हणून सुभेदारसाहेबांनाही निघावं लागलं. इटलीतल्या जेनोव्याला उतरून पुढं आगगाडी. इटली संपेपर्यंत आप्पांनी खिडकीचा पडदा उघडू दिला नाही, असं सासूबाई सांगत होत्या. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटातून त्यांची पलटण इटलीत गेली होती आणि तिथल्या डोंगरांत त्यांचे कितीतरी सोबती कायमचे राहिले. त्यांच्या नावानं जेवणाआधी ताटाबाहेर एक घास काढून ठेवायचा, ही त्यांची सवय. धाकटा भाऊ महादू मात्र त्या घासात नव्हता. तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर बेपत्ता झाला, मेल्याचं कुणी सांगितलं नाही. आप्पांची आई मरेपर्यंत त्याची भाकरी झाकून ठेवायची आणि त्याची बायको, सुमतीची काकू, अजून कुंकू लावते.

आमच्या घरमालकीण फ्राऊ लेंझ खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचा नवरा एर्न्स्ट आधी रशियाच्या आघाडीवर होता. तिथं पाय गोठले, ते बरे झाल्यावर त्याला इटलीत धाडलं आणि तिथं तो बेपत्ता झाला. कोपऱ्यावरचा बेकर कित्येक वर्षं त्यांना लग्नाचं विचारत होता. भला माणूस, रविवारी आमच्यासाठीसुद्धा गरम पाव घेऊन यायचा. बाई त्याला कॉफी पाजायच्या आणि परत पाठवायच्या. एर्न्स्टचा कोट दाराशी टांगलेला असायचा. दर वसंतात त्या तो झटकून, ब्रश करून पुन्हा तिथंच लावायच्या.

आप्पा इटलीत लढले होते हे बाईंना माझ्याकडूनच कळलं. एका दुपारी त्या एर्न्स्टचा फोटो घेऊन वर आल्या. मी दुभाष्या. आप्पांनी फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "सांगा त्यांना, जावईबापू. हा माझ्यासमोर गेला. पाणी मागितलं, मी पाजलं. हाल झाले नाहीत. आम्हीच पुरला."

मी सांगितलं. बाईंनी आप्पांचे दोन्ही हात धरले आणि पोटभर रडल्या. "या... या...", हो, हो, एवढंच म्हणत होत्या. त्या खाली गेल्यावर मी आप्पांना म्हटलं, केवढा योगायोग! त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कसला योगायोग? मी नाही पाहिला त्याला. घरात एक महादूची बायको बघतोय, तेवढी पुरे झाली."

त्या रात्री जेवताना त्यांनी एर्न्स्टच्या नावानं दुसरा घास वेगळा काढला.

बाईंनी सरकारदरबारी नवरा मृत ठरवून घेतला. कोट कुणाला तरी देऊन टाकला आणि बेकरशी लग्न केलं. आम्ही सगळे त्या लग्नाला गेलो, आप्पा फेटा बांधून. तिथं एक किडकिडीत माणूस भेटला. युद्ध संपल्यावर दहा वर्षांनी तो रशियाच्या कैदेतून परतला होता. बायकोनं तोवर दुसरा संसार मांडला होता. मी हे भाषांतर केलं आणि आप्पांच्या हातातला केक तसाच राहिला. इटलीतले कैदी केव्हाच सुटले, असं मी त्यांना नाना परीनं समजावलं. त्यांचं आपलं एकच, "आणि आला तर? जित्या माणसाच्या नावानं घास काढतोय मी!" तेव्हापासून दुसरा घास ताटाबाहेर ठेवायचा, उचलून परत ताटात घ्यायचा, पुन्हा बाहेर... भात गार व्हायचा. सासूबाई चिडायच्या, मग चिडेनाशा झाल्या. देशी परतल्यावरही हे थांबलं नाही. माणसानं एवढं चांगलं काम करावं आणि त्याचं त्याला एक दिवस सुख लागू नये, याची मला अजून हळहळ वाटते.

तेराव्याला आम्ही इथंच चार माणसांचा स्वयंपाक केला. फ्राऊ लेंझ मेणबत्ती घेऊन वर आल्या. आम्ही त्यांना अजून जुन्याच नावानं हाक मारतो. आप्पांच्या फोटोपुढं त्यांनी ती लावली आणि सुमतीचे गाल कुरवाळत म्हणाल्या, "रडू नकोस. आता ते माझ्या एर्न्स्टला भेटतील. ओळखतात ना एकमेकांना."

सुमतीनं मान हलवली. मग ताट वाढलं, आप्पांच्या नावानं एक घास बाहेर ठेवला. दुसरा घास तिनं हातात घेतला... आणि तो हात ताटाच्या काठावर तसाच राहिला.