कांग असेप आणि त्याचा पुरावा

ऑफिसच्या लंच टेबलवरून माणसं जेवून उठतात, किस्से मात्र तिथेच राहतात. अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या आमच्या डेटा सेंटरमधले निम्मे किस्से एकट्या कांग असेपचे! कांग म्हणजे दादा. हा दादा इंडोनेशियाचा, पश्चिम जावातल्या सुंदानी लोकांपैकी. त्याचे आजोबा गावातले कडक सुधारक मुसलमान. धर्मात मागाहून घुसलेलं सगळं बंद, हा त्यांचा बाणा. नातवानं त्यांचा एकच प्रश्न उचलला, "पुरावा काय?" म्हणजे, धर्मग्रंथात हे कुठे लिहिलंय? हसत सांगतोय, पण या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

*

टीमनं त्याच्या बर्थडेला केक आणला.

"आम्ही वाढदिवस करत नाही," कांग म्हणाला. मग त्यानंच सुरी उचलली.

"गाणं कॅन्सल. केकनं काय पाप केलंय?"

*

त्याची बायको नेनेंग मात्र जुन्या वळणाच्या घरातली. माहेरी भाताच्या देवीसाठी वाटा काढायची पद्धत. इथेही तिनं वाटीभर भात खिडकीत ठेवला.

"पुरावा काय?"

"बरं, देवीला नको, शेजाऱ्याला देते. त्याला आहे ना पुरावा?"

शेजारी म्हणजे मी! तेव्हापासून देवीचा वाटा मीच खातोय. नेनेंगवहिनी, थँक यू!

*

"आजोबांनी गावात बंद काय केलं रे?" मी एकदा विचारलं.

"मयताच्या घरचं गावजेवण. ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी गावाला का वाढायचं? गावानं त्यांना वाढावं, म्हणायचे. गाव भडकलं."

"मग?"

"मग आजी गेली. कोणी काही आणलं नाही. आजोबांनी स्वतःच घरच्यांपुरता भात टाकला."



*

मागच्या हिवाळ्यात साताऱ्याला बाबा गेले. व्हिसाच्या भानगडीत मला निघता येईना. तेराव्याला इथेच चार मित्रांना जेवू घालावं, एवढंच माझ्या हातात होतं. कांगलाही बोलावलं.

"मी तुझ्याकडे जेवणार नाही," तो तोंडावर म्हणाला.

फार लागलं. माझ्या बाबांच्या जेवणालाही पुरावा हवा!

तेराव्याला सकाळीच बेल वाजली. दारात दोघं, हातात पातेली.

"कांदा-लसूण नाही हं, नेटवर बघून केलंय," वहिनी म्हणाली.

कांगनं माझ्या हातातला कुकर काढून घेतला आणि मला खुर्चीत बसवलं. मला रडू आवरेना. तशातही तोंडातून गेलंच, "कांग, पुरावा काय?"

"आहे. नंतर दाखवतो," भात वाढत तो म्हणाला. "आधी जेव."