हँडब्रेकची चाचणी

गाडीचे ब्रेक तपासायचे कसे, हे मला व्यवस्थित माहीत आहे. (आमच्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, असं मी त्या रविवारी सकाळी दोनदा म्हणालो होतो.)

नवे ब्रेक पॅड बसवून गाडी गॅरेजमधून आली होती. आधी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा, असं मेकॅनिकने बजावलं होतं. म्हणून मी मुलुंडला डोंगराच्या पायथ्याचा रिकामा रस्ता निवडला. माझी बायको मेधा पुढे बसली. मागे सासरे, घरी कंटाळले म्हणून. ते एकतीस वर्षं बस चालवून रिटायर झालेत. तरी गाडी थांबायला किती अंतर लागतं, ते मी त्यांना वाटेत समजावलं. ते गप्प ऐकत होते. मालवणी माणूस इतका वेळ गप्प बसला की सावध व्हावं, पण मी रंगात आलो होतो.

आरशात बघितलं, मागे कुणी नाही. वीसच्या स्पीडला ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. तीसला दाबला, झकास. मग चढावर हँडब्रेक ओढून पाय उचलला. गाडी जागची हलली नाही!

एवढं कौतुक वाया कसं घालवायचं? गाडी थोडी पुढे, जरा सपाट वाटलं तिथे उभी केली आणि मेधाला फोटो काढायला खाली उतरवलं. मीही उतरलो, बॉनेटवर हात ठेवला आणि हसलो.

मेधा शांतपणे म्हणाली, "अरे, गाडी चाललीय."

हँडब्रेक मी ओढलाच नव्हता. गाडी सासऱ्यांसकट मागे निघाली आणि मी बॉनेटला धरून तिच्यामागे. (बॉनेटला धरायला काही नसतं, हे तेव्हा कळलं.) उताराच्या टोकाला एका सोसायटीचं गेट होतं. तिथला वॉचमन उठला, खुर्ची उचलली आणि आत गेला. मी आपटलो. दोन्ही गुडघे सोलले, पॅंट फाटली.

तेवढ्यात सासरे दोन सीटच्या मधून वाकले आणि त्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. त्यांनी काच खाली केली.

"ब्रेक बरो आसा," ते म्हणाले. "फकत ओढूक व्हयो."

येताना गाडी त्यांनीच चालवली. मी मागे गुडघ्यांना रुमाल बांधून आडवा पडलो होतो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने आत डोकावून विचारलं, "काका, पेशंट आहे काय?"

"नाय," सासरे म्हणाले, "जावय."